शिलासचा बाप्तिस्मा

"सलाम. काकू घरात आहेत का?"

मी ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होते. मान वर केली आणि सूप तसंच हातात राहिलं. फाटकाशी शिलास खरात उभा होता. ज्यानं माझ्या भावाला मारलं, तो.

तो तुरुंगातून सुटून आलाय हे मला ठाऊक होतं. प्रवरेकाठचं आमचं गाव एवढंसं, त्यात आमची ख्रिस्ती वस्ती म्हणजे चर्चच्या, आमच्या देवळाच्या, भोवतीची तीसेक घरं. तो दिसू नये म्हणून महिनाभर मी पाण्याला लांबच्या वाटेनं जात होते. पण तो सरळ आमच्या दारात येईल, हे मनातही आलं नव्हतं.

"काय पाहिजे?"

"काकूंना भेटायचं होतं."

"आई नाही घरात."

आई घरातच होती. मागच्या पडवीत तिच्या पाट्यावरवंट्याचा आवाज चालला होता आणि तो त्यालाही ऐकू येत होता. तरी तो हलला नाही. पूर्वी कसा होता! जाडजूड, मोठ्यानं हसणारा, दोन घोट पोटात गेले की रस्त्यावर कुणाचीही कळ काढणारा. आता शर्ट खांद्यांवरून ओघळत होता.

"रविवारी माझा बाप्तिस्मा आहे," तो म्हणाला. "त्याच्या आधी इथं यायला पाहिजे, असं वाटलं."

मी सूप खाली आपटलं. "देवानं तुला माफ केलं म्हणे. साऱ्या वस्तीत तेच चाललंय. शिलासचं तारण झालं, शिलास मोकळा झाला. मग देवानं आम्हाला विचारलं का? ज्यांचा माणूस गेला त्यांना?"

मागचा वरवंटा थांबला. पदराला हात पुशीत आई बाहेर आली, त्याच्याकडे बघत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आत ये म्हणणार नाही," ती म्हणाली. "बोल तिथूनच."

"माफी मागायला आलो, काकू."

"माझ्यापाशी नाही ती," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुकानात मीठ संपलंय म्हणून सांगावं, तसं ती बोलली. "असती तर दिली असती. गुडघे टेकून लई मागितली देवापाशी. नाही मिळाली."

तो माघारी वळला. तेवढ्यात आईनं विचारलं, "शिलास, माझ्या उल्हासच्या हातात कोयता होता का रे?"

हा प्रश्न आमच्या घरात पाच वर्षं मुक्कामाला होता. उसाचा हंगाम होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि पहाटे नंबरावरून शिलासची आणि उल्हासची बोलाचाली झाली. शिलास प्यायलेला होता. बाकीचे गाडीवान धावत पोचले तेव्हा उल्हास चाकाशी पडला होता, डोकं फुटलेलं, मुठीत कोयता. शिलासचा थोरला भाऊ याकोब तिथंच होता. कोर्टात त्यानं शपथेवर सांगितलं, उल्हास कोयता घेऊन अंगावर धावला म्हणून माझ्या भावानं दांडकं उचललं. मेलेल्याची साक्ष कोण घेणार? शिलासची शिक्षा निम्म्यानं कमी झाली. गावानंही तेच धरलं. उल्हास तसा तापटच होता, लोक म्हणू लागले. सोनगावची माणसं माझी सुपारी फोडून गेली होती, त्यांनी निरोप धाडला, कोयता काढणाऱ्याची बहीण आम्हाला नको.

शिलासनं फाटकाचा बांबू धरला.

"नव्हता, काकू."

"मग?"

"तो बैलाला पाणी दाखवत होता. पाठमोरा होता. त्याला कळलंसुद्धा नाही."

आई खाली बसली. मी धावले, तर हातानंच तिनं मला मागं सारलं.

"मला सांगून काय उपयोग?" शेवटी ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं. मी त्याची आई आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

"काकू, दादा..."

"तुझा दादा तुझा तू बघ."

तो गेला. मी सूप उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ज्वारी सारी मातीत सांडली होती. आई उठून आत गेली आणि वरवंटा पुन्हा सुरू झाला. तो आवाज मला सोसवेना. मी चपला घातल्या आणि तडक देवळाच्या पाळकसाहेबांकडे निघाले.

आढाव पाळक म्हातारे होते. सायकल उलटी करून चाकाची साखळी बसवत होते, बोटं काळी झालेली.

"त्याला बाप्तिस्मा देऊ नका," मी सलामसुद्धा न करता म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बस आधी."

"मला बसायचं नाही."

"बरं, उभी राहा."

"तुम्ही त्याला तुरुंगात भेटायला जात होता. एसटीनं. आत्ता वाटेत मला लोखंडेमामींनी सांगितलं. आमच्या घरी येऊन तुम्ही आईबरोबर प्रार्थना करायचा, आणि इकडून उठून त्याच्याकडे जायचा!"

"जात होतो."

"का?"

"मी त्याचाही पाळक आहे, एस्तेर."

मला रडू येत होतं आणि त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं. "त्यानं आत्ता आईला सांगितलं. कोयता नव्हता. कोर्टात सारं खोटं होतं."

साखळी त्यांच्या हातातून सुटली. हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. ते भिंतीशी बसले आणि काळ्या बोटांनी कपाळ चोळू लागले. कपाळभर वंगण झालं.

"तुम्हाला नव्हतं सांगितलं ना त्यानं?" मी म्हणाले. "बघा. अर्धं पाप पोटात ठेवून पाण्यात उतरणार होता."

"तुमच्या दारात आला ना पण?" ते हळूच म्हणाले.

"आता काय करणार तुम्ही?"

"ठाऊक नाही."

"पाळक आहात तुम्ही!"

"पाळक आहे म्हणून सगळं ठाऊक असतं होय?" ते चिडले. चिडलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. "प्रभूनं त्याचं पाप घेतलं, यावर माझा विश्वास आहे. त्यावर मी मरेन. पण तुझ्या आईचं काय, तुझं काय, हे मीही त्याला रोज विचारतो. मला उत्तर आलेलं नाही. आलं की सांगेन."

मी तशीच निघाले. घरी गेले नाही. नदीवर गेले, तिथून शेताच्या बांधानं फिरून पुन्हा वस्तीत आले. याकोबचं घर लागलं. पत्र्याचं नवं छप्पर, दाराशी दोन बैलजोड्या. याकोब मंडळीचा पंच होता, देवळाची घंटा त्यानंच दिलेली. तो ओट्यावर दाढी करून घेत होता. मला बघून म्हणाला, "काय गं एस्तू, कुठं भटकू राहिली?" इतका मायेनं म्हणाला, की मी मान खाली घालून पुढे निघाले.

मनात एकच चालू होतं. शिलास सांगणार नाही. या भावाच्या घरात तो राहतो, याच्या ताटात जेवतो, उद्या याच्याच शेतात राबणार. तो पाण्यात उतरेल, बाहेर येईल, लोक टाळ वाजवून गातील, आणि माझा भाऊ कोयतेवाला तो कोयतेवालाच राहील. नाही सांगितलं तर मी उभी राहीन, मी ओरडेन, असं मी ठरवलं. आणि लगेच वाटायचं, माझं ऐकणार कोण?

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. आई नेहमीच्या जागी बसली, खांबाच्या मागे. प्रभुभोजनाचं ताट फिरू लागलं की ती पाच वर्षं ते न घेता पुढे सरकवायची. मनात वैर असताना घ्यायचं नाही, असं ती म्हणे. बायका कुजबुजायच्या. कुजबुजू दे, ती म्हणायची, मी देवाला तरी फसवत नाही.

गाणी झाली. मग पाळकसाहेबांनी शिलासला साक्ष द्यायला पुढे बोलावलं. त्यांचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा दिसत होता.

शिलास उभा राहिला. "मी पापी माणूस होतो. दारू प्यायचो, मारामाऱ्या करायचो. माझ्या हातानं खून झाला. तुरुंगात मला प्रभू भेटला. त्यानं मला पापातून सोडवलं."

"आमेन," पुरुषांतून आवाज आला. त्यात याकोबचा सगळ्यांत मोठा होता.

"सोडवलं, असं मी म्हणतो," शिलास पुढे म्हणाला. "पण एक गोष्ट अजून गळ्यात अडकलीय. ती गिळताही येईना. परवा काकूंनी विचारलं आणि..."

"शिलास," याकोब बसल्या जागेवरून म्हणाला. धाकट्याला भाकरी गिळताना ठसका लागावा आणि थोरल्यानं सांभाळून म्हणावं, तसं म्हणाला.

शिलासनं त्याच्याकडे बघितलं. मी दोघांना बघत होते. आता बसेल, मला वाटलं. आता हा बसेल.

"उल्हासच्या हातात कोयता नव्हता," शिलास म्हणाला. "तो पाठमोरा होता, मी मागून मारलं. कोयता नंतर ठेवला त्याच्या हातात. तो पडल्यावर."

लोखंडेमामा उभे राहिले. "कुणी ठेवला?"

"तो माझ्या हातानं मेला. बाकी मला विचारू नका."

विचारायची गरजच उरली नव्हती. सगळ्या माना याकोबकडे वळल्या होत्या. तो उठला, सतरंजीवरून चपलांपर्यंत गेला आणि बाहेर पडला. त्याची बायको, मुलं, चुलतभाऊ, सगळे मागोमाग उठले. मी आईकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. प्रार्थना करतेय असं मला वाटलं. जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं. ती नुसतं "उल्हास, उल्हास" म्हणत होती.

उपासना कशीबशी संपली. बाहेर पडलो तर चिंचेखाली याकोब उभा होता.

"मला तुरुंगात धाडतोस?" तो ओरडला. "वकील मी दिला. तुझी बायको पळाली तेव्हा तुझ्या पोरीला मी सांभाळली. आणि मला?"

"दादा, मी तुझं नाव..."

पहिली थप्पड बसली. मग दुसरी. शिलासनं हात वर केला नाही. याकोबनं त्याला ढकललं, तो चिंचेच्या मुळांवर आपटला आणि कानामागून रक्त आलं. याकोबनं शेजारच्या कुंपणाची काठी उपटली.

माणसं गोल करून उभी होती. कुणी पुढे होईना. घरचं भांडण, मधे कुणी पडायचं? आणि पडायचं तर शिलाससाठी?

खरं सांगते, हेच मी पाच वर्षं मागितलं होतं. भाकरी थापताना, बालवाडीत पोरांना गाणी शिकवताना, पाठ जमिनीला टेकल्यावरही. हा असाच पडलेला असावा, याचं डोकं असंच फुटलेलं असावं, आणि मी बघत असावी. आता ते माझ्या समोर होतं. आणि मला उल्हासच दिसू लागला. तिथंही कुणीतरी असंच बघत उभं असेल. गाडीवानांच्या शेकोटीपाशी. दुरून. कुणी एक पाऊल टाकलं असतं तर...

काठी वर गेली तेव्हा मी शिलासच्या आणि तिच्यामध्ये होते. मी कधी चालले, कशी चालले, मला आठवत नाही. काठी माझ्या खांद्यावर बसली. फार जोरात नाही, याकोबनं शेवटच्या क्षणी हात आखडला. पण मी खाली बसले.

"एस्तू?" याकोब म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "तू मधे कशाला आलीस? तुझ्याच भावाला मारलं यानं..."

"बास," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना. "बास, याकोबदादा. बास झालं."

काठी त्याच्या हातातून गळाली. तो चिंचेकडे, मग लोकांकडे बघत राहिला आणि अचानक तोंड झाकून हुंदके देऊ लागला. त्याच्या बायकोनं त्याला धरून नेलं. जाताना ती शिलासला म्हणाली, "घरात पाऊल टाकू नको. पोरीला बघते मी, पण तू येऊ नको."

आई आली. माझा खांदा दाबून बघितला, हाड शाबूत आहे म्हणाली. मग पदराची चिंधी फाडून शिलासच्या कानामागं बांधली. पाळकसाहेब म्हणाले, "शिलास, आज राहू दे. पुढच्या रविवारी करू."

"नको साहेब," तो म्हणाला. "आजच."

दुपार कलल्यावर सगळे नदीच्या डोहावर गेले. बाप्तिस्मा असला की घरचं माणूस कोरडे कपडे घेऊन काठावर उभं राहतं, अशी आमच्याकडची रीत. बाहेर आलेल्याला तेच पुसतात, तेच कपडे देतात. शिलासकडून कुणीच आलं नव्हतं. अंगावरच्या रक्ताळलेल्या शर्टाशिवाय त्याच्यापाशी काही नव्हतं. माघाचा शेवट होता, वारं गार होतं. आईनं इकडेतिकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"घरी जा. पेटीतले उल्हासचे कपडे आण."

"आई!"

"पांढरा सदरा आण. आणि पायजमा. टॉवेल वर ठेवलाय."

"ते उल्हासचे आहेत. त्याला? ते त्याच्या अंगावर?"

"मग काय ओला ठेवू त्याला?" ती म्हणाली. "जा लवकर. मला पुन्हा सांगता यायचं नाही."

मी पळाले. पेटी उघडली. सदरा नाताळसाठी शिवलेला, एकदाच घातलेला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. तो हातात घेऊन मी जमिनीवर बसले. उठावंसं वाटेना. सांगावं, कपडे सापडले नाहीत. सांगावं, उंदरांनी कुरतडले. खांदा ठणकत होता. नदीकडून गाणं सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. मी सदऱ्यावर तोंड ठेवून ओरडले, जेवढं ओरडता येईल तेवढं. मग सगळं काखेत घेतलं आणि परत पळत सुटले.

पोचले तेव्हा पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात होते. शिलास त्यांच्यासमोर उभा होता. त्यांनी काही विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि त्याला मागे टेकवून त्यांनी पाण्याखाली नेलं. क्षणभर डोहावर कुणीच नव्हतं, फक्त म्हाताऱ्याचे हात पाण्यात गेलेले. मग तो वर आला, धापा टाकत, डोळे चोळत. चिंधी वाहून गेली होती. काठावर येऊन तो थरथरत उभा राहिला. आपल्यासाठी कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं कुणाकडे बघितलंच नाही.

आईनं टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसू लागली. मग सदरा पुढे केला. त्यानं तो ओळखला. ओळखला असणारच, शेवटच्या नाताळला ते दोघं एकाच रांगेत बसले होते.

"काकू, हा नको. मी ओलाच बरा."

"हात वर कर."

"काकू, मला नाही घालता येणार."

"मलाही घालता येणार नव्हता," आई म्हणाली. "हात वर कर, शिलास."

त्यानं लहान पोरासारखे हात वर केले. बाह्या आखूड झाल्या. उल्हास ठेंगणा होता. आईनं एक बाही ओढून मनगटापर्यंत आणायचा प्रयत्न केला, ती येईना. तिनं पुन्हा ओढली. मग तिथंच तिचं कपाळ त्याच्या छातीवर टेकलं आणि ती रडली, मोठ्यानं, सगळ्या मंडळीदेखत. पाच वर्षांत ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. शिलास हात लटकवून उभा होता, तिला धरावं की नाही हे न कळून. शेवटी त्यानं गुडघे टेकले, आणि आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडत राहिली.

त्याचा ओला शर्ट दगडावर पडला होता. सगळे वर निघाले तरी मी मागे राहिले. तो तसाच टाकून जावा, असं वाटत होतं. दोन पावलं गेलेही. मग परत फिरले, शर्ट पाण्यात बुडवला आणि कॉलरवरचं रक्त जाईपर्यंत दगडावर आपटला. डावा हात उचलत नव्हता, एकाच हातानं पिळला.

घरी आले तेव्हा दार उघडं होतं. आईनं तीन ताटं वाढली होती. शिलास भिंतीला टेकून बसला होता आणि त्याला घास तोडवत नव्हता. आईनं माझ्याकडे बघितलं. बस म्हणाली नाही.

मी शर्ट दोरीवर वाळत टाकला. हातपाय धुतले. आत गेले आणि तिसऱ्या ताटावर बसले.

"जेव," मी त्याला म्हणाले. "कालवण निवतंय."